चहाडखोर बूट

माणसाने दुसऱ्याच्या घरी जेवताना शक्यतो तोंडात घास ठेवूनच बोलावं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. तोंडात घास असला की शब्द स्पष्ट येत नाहीत आणि मागाहून ‘मी तसं म्हणालोच नव्हतो’ म्हणायला थोडी जागा राहते. त्या दिवशी माझं तोंड नेमकं रिकामं होतं.

मुलीच्या सासरी जेवायला गेलो होतो. जेवणं झाल्यावर आमच्या व्याह्यांनी खुर्ची मागे सरकवली, डाव्या पायाचा मोजा काढला आणि पाय सगळ्यांना दिसेल असा स्टुलावर ठेवला. अंगठ्याचं नख वांग्यासारखं काळंजांभळं झालं होतं.

“बघा,” ते म्हणाले. “दर हिवाळ्यात असं होतं. नख काळं पडलं नाही तर मला स्की केल्यासारखं वाटतच नाही.”

आमचे व्याही पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या डोंगरावरून खाली येतात. निदान ते तसं सांगतात. आम्ही कोणी पाहिलेलं नाही, कारण पाहायचं तर डोंगरावर जावं लागतं. या हिवाळ्यातल्या दुसऱ्या खेपेला मात्र दोन्ही घरांनी मिळून जायचं ठरत होतं.

“तुम्ही खाली उपाहारगृहात बसा हो, व्याहीबुवा,” ते मला प्रेमाने म्हणाले. “खिडकी मोठी आहे तिथली. आम्ही येताना दिसू.”

विहीणबाई हसल्या. जावई ताटाकडे बघून हसला. मुलगी हसली नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

“खिडकीत कशाला?” मी म्हणालो. “मीही येतो की. त्यात काय आहे?”

त्यात काय आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यात उतार आहे. उतार या प्रकाराशी माझं कधीच जमलेलं नाही. खाली जाणाऱ्या सरकत्या जिन्यापुढे मी पहिलं पाऊल टाकण्याआधी इतका वेळ वाटाघाटी करतो की मागे रांग लागते. बल्ब बदलायला स्टुलावर चढलो की मला जमीन दिसते, आणि जमिनीलाही मी दिसतोय असं वाटतं. आणि मी जे बोललो होतो ते व्याह्यांसमोर, भर टेबलावर, मुलीच्या देखत बोललो होतो. ते परत घ्यायचं म्हणजे जन्मभर त्या मोठ्या खिडकीत बसायचं.

परतताना बायको म्हणाली, “तुम्ही स्टुलावर चढलात की मला दोन्ही हातांनी स्टूल धरावं लागतं. डोंगर कोण धरणार?”

“तू चेष्टा करू नकोस.”

“चेष्टा नाही हो. फोन करा आणि नाही म्हणा. कोणी खाणार नाही तुम्हाला. मी जाईन. मला हौस आहे.”

हौस हा शब्द तिने इतक्या सहज वापरला की माझं फोन करणं तिथेच संपलं.

पण माणूस नाही म्हणू शकत नसला तरी त्याचे पाय म्हणू शकतात, हे मला पांघरुणात शिरता शिरता सुचलं. स्कीला विशेष बूट लागतात. बूट बसलेच नाहीत तर कोण काय करणार? अशा वेळी माणूस भित्रा ठरत नाही, पाय अवघड ठरतात. आणि माझे पाय अवघड आहेत याबद्दल दुमत नव्हतं. पंजा रुंद, पाऊल वरून उंच, डाव्या करंगळीशेजारी हाडाचा एक उंचवटा. या पायांनी मला आजवर प्रत्येक चपलांच्या दुकानात मान खाली घालायला लावली होती. त्याची भरपाई करायची संधी त्यांना आता मिळत होती. मी शांत झोपलो.

सकाळी जिन्यात सल्लागार भेटले. सल्लागार म्हणजे समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी वाचायच्या आतच ते दार उघडून सल्ला देतात. त्यामुळे ते नाव कोणाला माहीत नाही.

“बूट एक नंबर मोठा घ्या,” ते म्हणाले. “आत लोकरीचे मोजे, दोन जोड. हवा खेळली पाहिजे आत.”

“तुम्ही केलंय का कधी स्की?”

“माझ्या मेहुण्याच्या साहेबांनी केलंय,” ते म्हणाले, आणि त्यापुढे विचारण्यासारखं काही उरलं नाही.

व्याह्यांनी जिथून त्यांचे बूट घेतले होते त्याच दुकानात आम्ही दोघं गेलो. तिथे बूट विकत नाहीत, बसवतात. हे काम करणाऱ्या बाईंना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. दंड जाडजूड, चष्मा साखळीने गळ्यात, आणि आवाज असा की मी आत शिरताच खिशातून हात बाहेर काढले.

“माप?”

“आठ. पण नऊ द्या. जरा सैल बरा.”

“बूट हवाय की बादली?” बाई म्हणाल्या. “बसा. हे काय घातलंय?”

“लोकरीचे मोजे. दोन जोड.”

“काढा. एकच पातळ मोजा घालायचा. हे घरी न्या आणि त्यात कांदे ठेवा.”

स्कीचा बूट म्हणजे खरं तर एकात एक दोन बूट असतात. बाहेर कडक प्लास्टिकचं कवच आणि आत मऊ बूट. बाईंनी आतला बूट उपसून काढला, माझा पाय रिकाम्या कवचात घातला, बोटं पुढे टेकवायला लावली आणि टाचेमागे स्वतःची दोन बोटं सारली. डॉक्टर नाडी बघतात तशा त्या क्षणभर स्वस्थ राहिल्या.

“दोन बोटं. बरोबर आहे. हाच.”

आतला बूट परत बसवून त्यांनी चार बकलं एकेक करून आवळली. खालची हलकी, वरची घट्ट. पोटरीपर्यंत मी सिमेंटमध्ये उभा असल्यासारखा झालो. अंगठे पुढे टेकत होते. माझ्या मनात आशा उमलली.

“बोटं टेकतायत,” मी शक्य तेवढ्या दुःखी चेहऱ्याने म्हणालो.

“टेकणारच. ताठ उभे आहात. गुडघे वाकवा.”

मी वाकवले. पाय मागे सरकला, बोटं मोकळी झाली.

“आता?”

खोटं बोलायचं मनात आलं होतं, पण बाई माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. त्या बुटाकडे बघत होत्या. “आता नाही,” मी म्हणालो.

मग मी माझं मुख्य शस्त्र काढलं. “हे हाड दुखतं,” म्हटलं. बाईंनी मोज्यावर पेन्सिलने खूण केली, कवच गरम केलं आणि एका यंत्रात दाबून त्या जागी प्लास्टिक बाहेर फुगवलं. माझ्या हाडासाठी त्यांनी बुटालाच टेंगूळ आणलं. मी तळव्याच्या कमानीची तक्रार केली, तर तिला आधार द्यायला त्यांनी माझ्या पायाच्या मापाचा तळवा कापून आत घातला. घोटा म्हटलं, तर आतला बूट एका छोट्या भट्टीत तापवून तो गरम असतानाच माझ्या पायावर चढवला आणि निवेपर्यंत हलायचं नाही असा हुकूम केला. इतक्या ऊबदार, मऊ आणि नकोशा वस्तूत मी याआधी कधी उभा राहिलो नव्हतो. एकेक करून माझे सगळे पुरावे निकालात निघत होते. तेवढ्या वेळात बायकोचे बूट बसवूनही झाले. ती दुकानात फेऱ्या मारत होती आणि एका अनोळखी बाईला “काही जड नाही वाटत हो” असं सांगत होती.

“दुखतायत,” मी शेवटचा प्रयत्न केला.

“कुठे?”

“सगळीकडे.”

“सगळीकडे दुखत असेल तर बूट नीट बसलेत,” बाई म्हणाल्या. “एका जागी दुखलं तर सांगा. रोज संध्याकाळी घरी घालून बसा थोडा वेळ. टीव्ही बघा. आतला बूट पायाचा आकार धरेल.”

डोंगरावर जायला अजून काही दिवस होते आणि तेवढ्या दिवसांत माझं ध्येय एकच उरलं. कुठल्या तरी एका जागी दुखलं पाहिजे.

रोज संध्याकाळी मी बूट घालून बसू लागलो. बसून काही दुखेना, म्हणून चालू लागलो. हॉलमधून स्वयंपाकघर, तिथून बेडरूम. प्रत्येक पावलाला असा आवाज होई की कपाटातल्या कपबशा एकमेकींना बिलगत. बायको सोफ्यावर बूट घालून विणकाम करत असे आणि माझ्याकडे बघतही नसे.

चौथ्या दिवशी ती विहीणबाईंकडे गेली होती. सल्लागार आत डोकावले आणि बूट निरखून म्हणाले, “हे घरात घालून काय उपयोग? बर्फात घालायचेत ना? मग थंडीची सवय नको? बाल्कनीत बसा.”

मला ते पटलं. भीतीच्या दिवसांत माणसाला काहीही पटतं. मी बाल्कनीत शाल पांघरून बसलो. बाहेर बोचरा वारा होता. बऱ्याच वेळाने आत यायला उठलो तेव्हा फोन वाजला. सोसायटीचे सेक्रेटरी होते.

“खालच्या काकूंची तक्रार आलीय. म्हणे, तुमच्याकडे रोज संध्याकाळी कोणी तरी फरशा फोडतं. समिती बसलीय ऑफिसात. येऊन खुलासा करून जा.”

“आत्ता?”

“समिती आत्ताच बसलीय.”

मी बकलं उघडली आणि पाय ओढला. पाय निघेना. थंडीने प्लास्टिक दगडासारखं झालं होतं. कवच बाजूला फाकवायचा प्रयत्न केला तर माझी नखंच फाकली. बुटांनी आतून कडी लावून घेतली होती. बकलं उघडीच ठेवली तर पाय आत हेलकावतो आणि चालता येत नाही, म्हणून मी ती पुन्हा आवळली आणि स्वतःला बंदिस्त करून दाराबाहेर आलो. लिफ्टवर ‘दुरुस्ती चालू आहे’ असा फलक होता. तो फलक लिफ्टच्या वयाचा आहे.

राहिला जिना. आमचा जिना मी रोज उतरतो, पण त्या संध्याकाळी तो निराळा दिसला. प्रत्येक पायरी अरुंद, प्रत्येक कडा धारदार आणि तळ फार दूर. या बुटांत घोटा वळत नाही, त्यामुळे पाऊल पायरीवर ठेवता येत नाही, टाकावं लागतं. मी कठडा दोन्ही हातांनी धरला. पहिलं पाऊल टाकलं. ठाक. आवाज तळमजल्यापर्यंत जाऊन परत आला.

“मागे रेला,” वरून सल्लागारांचा आवाज आला. ते दारात खुर्ची घेऊन बसले होते. “पुढे झुकलात तर तोंडावर आपटाल. मागे. अजून मागे.”

मी मागे रेललो. इतका की मला पायऱ्यांऐवजी छत दिसू लागलं. ठाक. ठाक. प्रत्येक मजल्यावर दारं उघडत गेली. एका आजोबांनी मला बघून नमस्कार केला आणि दार लावून घेतलं. मी काय आहे असं त्यांना वाटलं असेल, याचा विचार मी अजून टाळतो. घामाने शाल भिजली. मध्येच एकदा पाय घसरला आणि त्या क्षणी मला व्याह्यांची मोठी खिडकी, तिच्यातली खुर्ची आणि टेबलावरचा गरम चहा इतका स्पष्ट दिसला की डोळ्यांत पाणी आलं.

ऑफिसात शिरलो तेव्हा काकू बोलायच्या थांबल्या.

“हाच,” त्या म्हणाल्या. “हाच आवाज.”

“काकू, गैरसमज होतोय. मी घरात अगदी हळू...” असं म्हणत मी पुढे झालो. ठाक.

सेक्रेटरींनी नियमावली उघडली. जिन्यातून सायकल, पाळीव प्राणी किंवा बांधकाम साहित्य न्यायचं तर आधी परवानगी लागते. माझे बूट यांपैकी कशात मोडतात यावर चर्चा सुरू झाली. खजिनदारांचं मत सायकल, कारण ते खेळाचं साहित्य. काकूंचं मत पाळीव प्राणी, कारण मी त्यांना रोज फिरवतो. शेवटी बहुमताने ते बांधकाम साहित्य ठरले आणि रीतसर परवानगी मिळेपर्यंत ते जिन्यातून वर नेऊ नयेत असा ठराव झाला.

“पण माझे पाय आहेत त्यांत,” मी म्हणालो.

“पायांना हरकत नाही,” सेक्रेटरी म्हणाले. “पाय नेऊ शकता.”

ऑफिसात हीटर होता. ठराव लिहून होईपर्यंत प्लास्टिक मऊ पडलं आणि बूट आपणहून निघाले. मी मोज्यांवर घरी गेलो. बांधकाम साहित्य रात्रभर समितीच्या ताब्यात राहिलं.

सकाळी उठून पाहतो तर डाव्या अंगठ्याचं नख काळंजांभळं. दुखतही होतं, आणि एकाच जागी. मी बायकोला हाक मारली.

“नख काळं पडल्याचा आनंद झालाय तुम्हाला?” तिने विचारलं.

“आनंद कसला? वाईट वाटतंय. बूट बसत नाहीत म्हणजे काय करणार आता?”

“शीळ वाजवताय तुम्ही,” ती म्हणाली.

समितीकडून बूट सोडवून मी ते दुकानात नेले आणि अंगठा पुढे केला. बाईंनी चष्मा चढवला.

“बूट घालून कुठे गेला होतात?”

“कुठे नाही. जरा खाली.”

“या फळीवर उभे राहा.”

दुकानात एक उतरती फळी होती. बूट घालून मी तिच्यावर चढलो. उंची वीतभरही नसेल, पण मी शेजारच्या कपाटाची कड धरली. बाईंनी माझ्या नडगीच्या पुढे, बुटाच्या आत हात घातला. पूर्ण पंजा आत गेला.

“ही पोकळी बघा. इथे नडगी टेकायला हवी. तुम्ही मागे रेलताय. मागे रेललं की टाच वर उठते, पाय पुढे सरकतो आणि अंगठा आपटतो. बुटाला काही झालेलं नाही.” मग मोज्याचं माप सांगावं तशा आवाजात, भरल्या दुकानात त्या म्हणाल्या, “तुम्ही घाबरताय.”

मी आजूबाजूला बघितलं. दुकानातले सगळे जण बूट बघत होते. फारच मन लावून बघत होते.

“हे बुटावरून कळतं?”

“बुटावरूनच कळतं. चेहऱ्याने लोक खोटं हसतात. बूट मोठा असला तरी नख काळं पडतं, ते वेगळं. पण मी बसवलेल्या बुटात नख काळं पडलं म्हणजे भीती. काही जण तर दरवर्षी पाडून घेतात आणि मलाच अभिमानाने दाखवायला येतात.”

दरवर्षी. बाईंनीच बसवलेले बूट. आणि डावा अंगठा, स्टुलावर ठेवलेला.

त्या फळीवरून उतरायला मी बाईंचा हात धरला, पण मन मात्र कधीच तरंगत घरी पोचलं होतं. व्याह्यांची शेंडी माझ्या हातात आली होती. आता बूट बसोत, न बसोत. घरी मी आरशासमोर वाक्य बसवू लागलो. ‘व्याहीबुवा, तुमचं नख काळं का पडतं ठाऊक आहे?’ मग थोडं थांबायचं, सगळे वळून बघेपर्यंत. मग बाईंचा शब्द. तो सगळ्यांसमोर, शक्यतो त्या मोठ्या खिडकीपाशी उच्चारायचा होता.

प्रत्यक्ष डोंगरावर मात्र वाक्य राहिलं बाजूला. तारेला टांगलेल्या खुर्चीतून आम्ही वर गेलो. पायांखाली काही नसतं, नुसते स्वतःचे पाय लोंबत असतात. मी वर जाईपर्यंत डोळे मिटून होतो. मुलगी आणि जावई मोठ्या डोंगराकडे निघून गेले. आम्हा चौघांना नवशिक्यांच्या उतारावर सोडलं. तो उतार लोक दुपारी सहज म्हणून उतरतात, असं सांगण्यात आलं होतं. वरून पाहिल्यावर तो मला भिंतीसारखा दिसला. तळाशी, काडेपेटीएवढं, ते उपाहारगृह होतं.

बायको आणि विहीणबाई एकमेकींकडे बघून हसल्या आणि निघाल्या. बायको अर्ध्या वाटेत बसली, उठली आणि पुन्हा निघाली. तिला कोणीही धरलेलं नव्हतं.

आम्ही दोघं उरलो. व्याही सुरुवातीला बर्फाच्या प्रतीविषयी बोलले. मग वाऱ्याच्या दिशेविषयी. मग त्यांनी बुटाचं एक बकल उघडून पुन्हा लावलं.

“व्हा तुम्ही पुढे,” ते म्हणाले.

“छे, तुम्ही अनुभवी. आधी तुम्ही.”

“पाहुण्यांचा मान आधी.”

“वयाने तुम्ही मोठे.”

असा मान आम्ही एकमेकांना इतका वेळ दिला की दोन मुलं आमच्या मधून घसरत गेली आणि परत वर येऊन पुन्हा गेली. खाली बघवेना म्हणून मी व्याह्यांच्या पायांकडे बघितलं. ते कमानीसारखे मागे वाकले होते. नडगी आणि बुटाच्या मधल्या पोकळीत बाईंचे दोन्ही हात गेले असते.

वाक्य तोंडात तयार होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते खिडकीकडे बघत होते. खिडकीत आता दोन ठिपके येऊन बसले होते.

“अंगठा दुखतोय का?” मी विचारलं.

“डावा,” ते म्हणाले. “नेहमीचाच.”

“गुडघे वाकवा, व्याहीबुवा. नडग्या बुटाला टेकवा. म्हणजे नाही दुखत.”

त्यांनी हातमोजा ओढून घट्ट केला. मग हळूच म्हणाले, “हे तुम्हाला बाईंनी सांगितलं?”

“हो.”

“आणखी काय सांगितलं त्यांनी?”

वाऱ्याने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तसं वाऱ्यानेच आलं होतं.

“एवढंच,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मी गुडघे वाकवले, त्यांनीही वाकवले. आम्ही दोघं समोरच्या दरीपुढे अर्ज घेऊन उभे राहिल्यासारखे झुकलो आणि निघालो. निघालो म्हणजे डोंगराने आम्हाला नेलं. ते माझ्याकडे वळले, मी त्यांच्याकडे वळलो, कोणालाच थांबता येईना आणि उताराच्या मध्यावर आम्ही एकमेकांना गच्च मिठी मारली. मुलांच्या लग्नात फोटोग्राफरने वारंवार विनवूनही आम्ही इतक्या मनापासून मिठी मारली नव्हती. पुढचा उतार आम्ही तसेच, एकाच माणसासारखे, ओरडत उतरलो. एकदा मी वर होतो, एकदा ते.

रात्री सगळे जेवायला बसलो. जावयाने विचारलं, “बाबा, या वेळी नख दाखवलं नाही?”

“काळंच नाही पडलं,” व्याही म्हणाले. त्यांनी दोन्ही पायांत मोजे घातले होते. “बूट जरा ठीक करून घेतले.”

बायको माझ्याकडे वळली. “मग? डोंगर कोणी धरला?”

“व्याह्यांनी,” मी म्हणालो.

व्याह्यांनी मान खाली घातली आणि मीठ मागितलं. मीठ त्यांच्या समोरच होतं.